नववा फोटो

युवराजने संगणकाच्या पडद्यावरचा बाण उजवीकडे सरकवला आणि फोटोतल्या करुणाच्या चेहऱ्यावरून एक संध्याकाळ उतरली. आधी कपाळ उजळलं, मग गाल. हनुवटीखालची सावली थोडा वेळ रेंगाळली. मग तीही गेली.

तिने त्याला तसं सांगितलं नव्हतं. बारामतीच्या स्टँडामागच्या त्या स्टुडिओत मुलींचे फोटो न सांगताच उजळ होत. युवराजचा हात सवयीनेच तिकडे वळे. पंचक्रोशीतली कितीतरी स्थळं त्या बाणावर जुळत, निदान पाहुणे दारात येईपर्यंत.

करुणाला हे ठाऊक होतं. सहा वर्षांपूर्वी तिचाही स्थळासाठीचा फोटो इथेच निघाला होता. तो पाहून सुप्याहून माणसं आली. पोहे झाले, चहा झाला, आणि समोरच्या खुर्चीत बसलेल्या करुणाकडे पाहत त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्याने अगदी अदबीने विचारलं होतं, "फोटोतली मुलगी कुठं हाय?"

त्या दिवशी तिने स्वतःशी एक गोष्ट पक्की केली. यापुढे आपला चेहरा कुणाच्या हातात द्यायचा नाही. परदेशी नोकरीच्या आठ अर्जांपर्यंत तिने ते पाळलं.

इंदापूरच्या एका महाविद्यालयात ती तासिका तत्त्वावर इंग्रजी कविता शिकवत होती. सातव्या वर्षाच्या अखेरीला प्राचार्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, की पुढच्या वर्षी तास उरलेले नाहीत. तिचं वय तेव्हा चौतीस होतं, आणि परदेशी शाळांच्या ज्या जाहिराती ती चाळत होती त्यांची वयोमर्यादा पस्तीस. डाळजच्या घरी ती नकाशा घेऊन बसली. देश निवडायला बसलं, की थोडा वेळ तरी वाटतं, निवड आपल्या हातात आहे.

व्हिएतनामच्या एका संस्थेला पासपोर्ट अशा देशाचा हवा होता जिथे इंग्रजी पाळण्यातच कानावर पडते. थायलंडच्या एका शाळेने आवाज ऐकून कळवलं, की असे स्वच्छ उच्चार क्वचित ऐकायला मिळतात. मग व्हिडिओवर बोलणं झालं, कॅमेरा सुरू झाला, आणि त्यानंतर त्या शाळेकडून एक ओळही आली नाही. कोरियातल्या एका शिकवणीवर्गाने निदान खरं सांगितलं. तुमच्याबद्दल आमची तक्रार नाही, पालकांना मात्र गोरा शिक्षक लागतो. एकेक देश नकाशावरून विझत गेला. आरशासमोरून जाताना करुणा मान खाली घालू लागली.

उरलं ते एक बेट. प्रशांत महासागरात, सांडलेल्या मिठाच्या कणाएवढं. तिथे इंटरनेट अधूनमधूनच चाले, म्हणून मुलाखत नव्हती. आवाजाचं ध्वनिमुद्रण, शिकवण्याविषयी एक पान आणि एक फोटो, इतकंच मागितलं होतं. शाळेच्या पानावर समुद्र होता, माड होते, आणि आजवरच्या दोन शिक्षिका हसत उभ्या होत्या. दोघीही गोऱ्यापान. मुलं दूर किनाऱ्यावर, टिंबांएवढी. करुणाने त्या दोन चेहऱ्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि तिला जे समजायचं होतं ते समजलं.

अर्जाची मुदत आजच संध्याकाळी सहाला संपत होती.

"हाच धाडू का मॅडम, का अजून जरा उजळू?" युवराजने विचारलं.

बाकावर तिचे वडील बसले होते. कचरू एसटीत वाहक होते; तीस वर्षं तिकिटं फाडून निवृत्त झालेले. डोळे तपासायला म्हणून लेकीबरोबर बारामतीला आले होते. पडद्याकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"हायेस तशी पाठीव की," ते म्हणाले. "तितं गेल्यावर रोज तोंड कुठं झाकशील?"

"आबा, हाय तशी आठ वेळा पाठीवली."

करुणाने युवराजला मान हलवून खूण केली. पडद्यावरची अनोळखी बाई समुद्रापार निघून गेली, आणि करुणा वडिलांचा हात धरून भर उन्हात रस्ता ओलांडू लागली.

तेराव्या दिवशी सकाळी उत्तर आलं. कचरू नवा चष्मा लावून ओट्यावर शेंगा निवडत होते. करुणाने पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. समोरच्या महामार्गावरून सोलापूरकडे ट्रकमागून ट्रक जात होते. ती ओट्याच्या कडेवर बसली.

"काय म्हणत्यात?" कचरूंनी विचारलं. "मराठीत सांग."

सात वर्षं इंग्रजी कवितांचा अर्थ सांगितलेल्या त्या मुलीने एकेक वाक्य उलगडायला घेतलं. आवाज त्यांना सगळ्यांत आवडला. शिकवण्याविषयी लिहिलेलं पान त्यांनी सभेत वाचून दाखवलं.

"मग?"

"जागा दुसरीला दिली. ती रुजूबी झाली."

कचरूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "रंग कळला व्हय त्यांना तुझा?"

"न्हाय, आबा. न्हाय कळला." तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला. "म्हणत्यात, आमची पोरं काळी हायत. आजवर त्यांनी गोऱ्याच बाई बघितल्या. औंदा त्यांना त्यांच्या रंगाची बाई पायजे होती."