हलगीला ऊब

हलगीवर टिचकी मारली, तर ओल्या पुठ्ठ्यासारखा आवाज आला. ब्रुसेल्सच्या गार, दमट हवेनं कातडं पार ढिलं पडलं होतं आणि प्रयोग अर्ध्या तासावर आला होता.

"बाहेर कुठं थोडा जाळ करता येईल?" मी दिग्दर्शिकेला विचारलं.

तिनं मान हलवली. "थिएटरच्या आवारात नाहीच. जमत नसेल तर राहू दे, रेकॉर्ड लावू."

मी हलगी मांडीवर घेऊन बसून राहिलो. गावी जत्रेला माझे आबा देवळामागं उसाच्या पाचटाचा जाळ करायचे. त्यावर हीच हलगी फिरवायचे, मध्येच टिचकी मारून कान द्यायचे. "ऊब दिल्याबिगर ही बोलत न्हाई," म्हणायचे.

आमच्या नाटकात गाणाऱ्या झोहराबाई मूळच्या मोरोक्कोच्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं, उठून मेकअपच्या खोलीत गेल्या आणि हेअर ड्रायर घेऊन आल्या.

"नीट धर," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझे वडील डफ निखाऱ्यावर धरायचे. इथं आल्यापासून मी ह्याच्यावरच भागवते."

गरम हवा कातड्यावर गोल गोल फिरली. मी पुन्हा टिचकी मारली. हलगी खणखणीत बोलली.

झोहराबाईंनी ड्रायर बंद केला, पण त्या हलगीवर वाकलेल्याच राहिल्या. डोळे मिटून त्यांनी खोल श्वास घेतला.

"धूर," त्या हळूच म्हणाल्या.

मीही नाक टेकवलं. आबांना जाऊन बरीच वर्षं झालीत. त्यांच्या पाचटाचा वास कातड्यात अजून होता.