फाटकाबाहेरचा कोहेन

एझ्राने गाडी दफनभूमीच्या फाटकाबाहेर लावली आणि तो तिथेच बॉनेटला टेकून उभा राहिला. आत मांडवाखाली माणसं जमत होती. अमेरिकेतल्या या अल्फारेटा गावातली बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी ज्यूंची, पाच-सहा घरं, रूबेनच्या ऑफिसातले लोक. रूबेन एकेचाळीस वर्षांचा होता. मंगळवारी मीटिंग चालू असताना खुर्चीतून कोसळला, बस.

एझ्रा बाहेर थांबला याचं कुणाला नवल वाटलं नाही. तो कोहेन होता, याजकांच्या, म्हणजे पुरोहितांच्या कुळातला. आजोबा बगदादहून मुंबईला आलेले, आई पेणची; घरात मराठीच. प्रेताजवळ जायचं नाही, हा कुळाचा नियम त्याने आयुष्यभर पाळला. पन्नास वर्षांपासूनचा मित्र शालोम तळकर, त्याची आई गेली तेव्हाही एझ्रा असाच दोन तास रस्त्यावर उन्हात उभा होता. आता शालोमचा मुलगा रूबेन गेला होता.

रूबेनची मुलगी नैना पाण्याची बाटली घेऊन आली. पंधरा वर्षांची. बापाचं ऐकून तीही त्याला काकाच म्हणायची.

"आजीने दिलीय. काका, यू आर नॉट कमिंग इन?"

"मला चालत नाही, बेटा."

"का पण?"

त्याने बाटली उघडली, पण तो पाणी प्यायला नाही.

"अहरोन आमचा मूळ पुरुष. त्याला आणि त्याच्या मुलांना याजक केलं, तेव्हा आधी आंघोळ घातली, झगे चढवले. अहरोनच्या डोक्यावर तेल ओतलं. मग एडक्याचं रक्त लावलं. उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला, उजव्या पायाच्या अंगठ्याला. सात दिवस देवाच्या तंबूच्या दारातून हलायचं नाही."

"अँड देन?"

"आठव्या दिवशी कामाला लागले. आणि त्याचे दोन मुलगे जळून मेले. देवापुढेच."

नैना त्याच्या शेजारी बॉनेटला टेकली.

"चुलतभावांनी त्यांना उचलून नेलं. अहरोनला रडायची परवानगी नव्हती. अंगावर तेल होतं ना. तो काही बोलला नाही, असं लिहिलंय."

"दॅट्स हॉरिबल."

"हो."

"म्हणजे कुणासाठीच नाही जायचं? एव्हर?"

"पुढे नियम थोडा सैल झाला. आई, वडील, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बिनलग्नाची बहीण. एवढ्यांसाठी चालतं. बाकी कुणासाठी नाही."

एझ्राने लग्न केलं नव्हतं. आईवडील मुंबईतच वारले होते, त्याला भावंडं नव्हती.

"पण बाबा जन्मला तेव्हा आजीला हॉस्पिटलला तुम्हीच नेलं ना? आजोबा शिपवर होते. बाबा सगळ्यांना सांगायचा."

"हो. टॅक्सीने."

"मग यू आर फॅमिली."

एझ्राने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला काही जाणवत नव्हतं. मंगळवारपासून तसंच होतं.

आत प्रार्थना थांबली. पेटी खाली सोडल्याचा आवाज आला. मग मातीचा, फळ्यांवर पडणारा. एक एक जण फावडं घेत होता. मांडवाखाली शालोमची बायको फ्लोरा खुर्चीत बसली होती. तिने एकदाही फाटकाकडे पाहिलं नाही.

शालोम उठला आणि पायवाटेने सावकाश चालत आला. कोटाची गळपट्टी रिवाजाप्रमाणे फाडलेली, बुटांना लाल माती.

"नैना, आजीजवळ जाऊन बस."

ती मांडवात पोचेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.

"सगळ्यांची झाली," मग तो म्हणाला. "माती द्यायला चल."

"मला चालत नाही, शालोम. तुला माहितेय."

शालोमने फाटकाची कडी काढली आणि दार पूर्ण उघडलं.

"बापाला चालतं," तो म्हणाला.