चौथी फायनल

"गोरान जिंकला," सदानंद म्हणाला.

गाडी दुबईतल्या अल कुसैसच्या ड्रायव्हिंग टेस्टच्या मैदानाबाहेर उभी होती. आज सुचित्राची रोड टेस्ट, आणि ती काही केल्या खाली उतरत नव्हती. बाहेर जुलैचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, आणि हिचे हात मात्र गार पडले होते.

"कोण जिंकला?"

"अगं, गोरान इव्हानिसेविच. आपला गोरान. काल विम्बल्डन मारलं त्याने."

"आपला" होताच तो. टेनिसमधलं सुचित्राला ओ की ठो कळत नसे, पण विम्बल्डनच्या तीन फायनल हरलेला हा लंबूटांग्या तिला भावासारखा वाटायचा. कारण तीही रोड टेस्टला तीनदा नापास झाली होती. दरवेळी तेच. राउंडअबाउट आलं की हिचा पाय ब्रेकवर, मागून हॉर्नचा गजर, आणि शेजारी बसून परीक्षा घेणाऱ्या पोलीसबाईंचं पेन कागदावर. दुबईत बायका भेटल्या की "कशी आहेस" हे मागाहून, आधी विचारणार "लायसन्स झालं का? कितवा अटेम्प्ट?" सुचित्राने तर महाराष्ट्र मंडळात जाणंच सोडलं होतं.

यावेळी प्रश्न नुसत्या लाजेचा नव्हता. पुण्यात ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करायची. इथे आल्यापासून घरीच. आता जेबेल अलीच्या एका क्लिनिकने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, पण तिकडे बस जात नव्हती. या महिन्यात लायसन्स दाखवा, नाहीतर दुसरं कोणी बघतो, असं मॅनेजरने स्पष्टच सांगितलं होतं. आज नापास झाली तर नोकरी गेलीच म्हणायची.

"खरंच जिंकला?"

"माझा आकडा कधी चुकलाय?"

नव्हताच चुकला. सदानंदला लग्नाचा वाढदिवस आठवत नसे, पण कोणत्या साली कोणी कोणाला किती सेटमध्ये हरवलं हे तो झोपेतून उठवलं तरी सांगे. मंडळाच्या गणपतीत क्विझ असली की उत्तरपत्रिका बाजूला ठेवून लोक त्याला विचारत. एकदा पेपरात स्कोअर चुकीचा छापून आला, तर या गृहस्थाने थेट संपादकाला फोन लावला होता. चुकीचा आकडा म्हणजे त्याच्या लेखी पापच.

"वाइल्ड कार्डवर आलेला गं," तो म्हणाला. "खेळायला घेतला तोच मेहरबानी म्हणून. असा माणूस आजवर कधी विम्बल्डन जिंकला नव्हता. चौथ्या फायनलला जिंकला की नाही? ऊठ आता. यल्ला."

ती उतरली.

राउंडअबाउट आलं. पाय सवयीने ब्रेककडे गेला. मेला तो जिंकतो, आणि मला काय धाड भरलीय? असं मनात म्हणत तिने डावीकडे नीट पाहिलं आणि फट मिळताच गाडी आत घातली. मागच्या सीटवर आपल्या नंबरची वाट बघणाऱ्या फिलिपिनो बाईने सुटकेचा श्वास सोडला. "गुड," पोलीसबाई म्हणाल्या. त्यांना हसताही येतं, हे सुचित्राला त्या दिवशी कळलं.

लायसन्स हातात पडल्यावर ती म्हणाली, "आधी जेबेल अली. आणि गाडी मी चालवणार."

सदानंदने घड्याळ पाहिलं. "चल की," तो म्हणाला.

शेख झायेद रोडवर ट्रकसुद्धा तिला मागे टाकून जात होते. सदानंद सारखा घड्याळात बघत होता. घाबरलाय बिचारा, असं वाटून तिने वेग आणखी कमी केला. क्लिनिकच्या मॅनेजरने लायसन्स उलटसुलट करून पाहिलं, चहा मागवला आणि पहिल्या तारखेपासून या म्हणाला. येताना तिने करामाला थांबून पेढे घेतले. सदानंदने हूं की चूं केलं नाही.

घराच्या दाराबाहेरच टीव्हीचा गलका ऐकू आला. मुग्धाने, त्यांच्या लेकीने, दार उघडलं ते ओरडतच.

"बाबा, व्हेअर वेअर यू? फिफ्थ सेट चाललाय! गोरानची फायनल!"

सुचित्रा उंबऱ्यातच थबकली. "फायनल? ती काल झाली ना? रविवारी असते ना ती?"

"नो, आई! पावसामुळे काल सेमीच संपली. फायनल इज टुडे. हू टोल्ड यू?"

सदानंद बूट न काढताच टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याने बायकोकडे पाहिलं नाही.

सुचित्राला सगळं लख्ख कळलं. जन्मात पहिल्यांदा या माणसाने चुकीचा आकडा सांगितला होता. आणि जिची त्याने इतकी वर्षं वाट पाहिली, ती मॅच तिच्या बैलगाडीच्या वेगापायी तोंडातून अवाक्षर न काढता सोडून दिली होती. तिला भडभडून आलं. पेढ्यांचा पुडा हातात तसाच घेऊन ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिने त्याचा हात धरला. तो गार पडला होता.

मॅच पॉइंट. गोरानची डबल फॉल्ट. पुन्हा मॅच पॉइंट. पुन्हा डबल फॉल्ट. तिसराही हुकला.

"मार रे बाबा," सदानंद पुटपुटला. "माझी लाज राख."

चौथ्या पॉइंटला समोरच्याचा चेंडू जाळीत अडकला. गोरान कोर्टावर पालथा पडला, मुग्धा सोफ्यावर उड्या मारायला लागली, आणि सदानंद लहान पोरासारखा घळाघळा रडायला लागला.

सुचित्राने त्याच्या तोंडात पेढा कोंबला.

"अहो, रडताय काय असे? तो तर कालच जिंकला ना!"