एकोणीस पायऱ्या

दाराच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, चार ठिपके होते. भोकं पुट्टी भरून बुजवलेली, वरून रंगाचा हात. पण रंग नवा असल्यामुळे तेवढाच भाग जरा जास्त चमकत होता. तिथली कडी काढून टाकली होती. आईने हे पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

आज एकविसावा दिवस. उद्या सकाळी परतीचं विमान. आई पलंगावर बसली होती आणि जावई गुडघे टेकून समोरची भिंत मोजत होते.

“आई, तीन फुटी कपाट आरामात बसतंय,” टेपचं टोक अंगठ्याने दाबून ते म्हणाले. “चार फुटी घेतलं तर खिडकी थोडी झाकली जाईल. काय करू? दुकान पाचला बंद होतं. आज सांगितलं तर तुम्ही कायमच्या याल तेव्हा कपाट जागेवर असेल.”

“चार फुटीच घे रे,” मुलगी दारातून म्हणाली. “खिडकीतून दिसतंय काय, तर शेजाऱ्यांची भिंत.”

“अरे, आधी ती येणार का ते तर विचारा!” पलंगावर ठेवलेल्या फोनमधून मामाचा आवाज आला. “ताई, ऐकतेस ना? दोन वर्षं तुझं ‘बघू, बघू’ चाललंय. आता तीन आठवडे राहून बघितलंस. झालं ना बघून?”

“झालं.”

“मग?”

आईने चष्मा काढला आणि रुमालाने पुसायला घेतला. मामाला तेवढा वेळ पुरला.

“मी सांगतो. तुला तिथे करमायचं नाही. भाषेचा गंध नाही. एकटीला कोपऱ्यापर्यंत जाता यायचं नाही. दिवसभर खिडकीत बसून पोरांची वाट बघायची. त्यापेक्षा इथे माझ्या नजरेसमोर बरी.”

“तुझ्या नजरेसमोर म्हणजे महिन्यातून एकदा, मामा,” मुलगी म्हणाली. “तिथे ती घरात पडली तर कळायला दोन दिवस जातील. इथे मी कडीसुद्धा काढून टाकलीय.”

“मला विचारून काढायचीस,” आई म्हणाली.

“विचारलं असतं तर ‘बघू’ म्हणाली असतीस.”

जावई हसले. आईलाही हसू आलं. खोटं नव्हतं ते.

“कोपऱ्यावरून डावीकडे वळलं,” चष्म्याची काच उजेडात धरत ती म्हणाली, “की बाराशे चाळीस पावलांवर चष्म्याचं दुकान आहे. तुम्ही दोघं कामावर गेलात की मी तिथे जाते.”

मुलगी आत आली. “एकटी? कधीपासून?”

“चौथ्या दिवसापासून. दांडीचा स्क्रू ढिला झाला होता म्हणून गेले. दुकानदार म्हातारा आहे, हात थरथरतात त्याचे. जाड नंबरची काच चाकावर घासत होता, तिचा टवका उडाला. दुसरी घेतली, तिचाही उडाला. काच दाबून धरत होता. मला बघवेना. मी हात पुढे केला.”

“बत्तीस वर्षं काचा घासल्यात हिने,” मामा फोनमध्ये पुटपुटला. “हात पुढे करणारच.”

“अगं, पण त्याच्याशी बोललीस काय?”

“बोलायचंय काय त्यात? हात सैल ठेवायचा आणि काच फिरवत राहायची. नंबर इथेही आकड्यांतच लिहितात. त्याने काच फ्रेममध्ये बसवून बघितली, मग मला खुर्ची दिली. काम करायला कागद लागतात, म्हणून नंतर चाकाला हात लावू दिला नाही. मी नुसती बसून बघते. पण कागद करायचे असतील तर तो सही देईल, असं त्याच्या सुनेने फोनवर भाषांतर करून दाखवलं.”

आईने चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली.

“दुकानाच्या वर एक खोली रिकामी आहे. जिना एकोणीस पायऱ्यांचा.”

“आई, तुझे गुडघे!”

“पहिल्या दिवशी दोनदा थांबले. गेल्या आठवड्यात एकदा. काल थांबले नाही.”

जावयांच्या हातून टेपचं टोक सुटलं आणि पट्टी सर्रकन आत गेली.

“ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?” मामाचा आवाज चढला. “या वयात नोकरी? तीही परक्या मुलखात? लोक मला विचारतील, पोटच्या पोरीने ठेवून घेतलं नाही का म्हणून.”

“विचारू देत. सांग त्यांना, ती ठेवून घेत होती, हीच राहिली नाही.”

मुलीचा चेहरा उतरला. “माझं काय चुकलं गं?”

“काही नाही चुकलं. उठले की चहा समोर येतो. औषधं डबीत वार लावून भरलेली असतात. एकवीस दिवसांत एक कप विसळू दिला नाहीस मला.” आईने शेजारची जागा थोपटली. “एकवीस दिवस, बाळा.”

मुलगी तिच्या शेजारी बसली. जावयांनी घड्याळ पाहिलं, मग बायकोकडे, मग सासूकडे.

“आई, म्हणजे... दुकानात काय सांगू? तीन फुटी की चार?”

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फोन उचलून तोंडाजवळ धरला, भावालाही नीट ऐकू जावं म्हणून.

“कपाट नको,” ती म्हणाली. “मी इथे राहायला येणार आहे, पण या घरात नाही. कागद झाले की ती खोली घेईन आणि खाली कामाला बसेन. रविवारी तुमच्याकडे जेवायला येत जाईन. आधी फोन करून. माझ्याकडे येताना तुम्हीही करा.”