वायपर कुठाय?

स्टुटगार्टात माझी लायसन्सची परीक्षा होती. बाबांनी मुद्दाम असं ड्रायव्हिंग स्कूल शोधलं होतं, ज्याच्या नव्याकोऱ्या गाडीत एकही बटण नाही, सगळं स्क्रीनवर. मध्येच पाऊस आला. मी स्क्रीनवर वायपर शोधत बसले आणि गाडी थेट बेकरीच्या दिशेनं निघाली. शेजारी बसलेल्या मास्तरांनी त्यांच्या पायाखालचा ब्रेक दाबला. म्हणजे मी नापास.

बाहेर थांबलेले बाबा परीक्षक होल्डरमानबाईंवर तुटून पडले. “अहो, वायपरला साधं बटण नाही! पोरीनं करायचं काय?”

“नशीब, ब्रेक तरी पायाखाली ठेवलाय!” बाई कडाडल्या. “ज्या गाढवानं बटणं काढली, त्याला जाऊन विचारा.”

मी बाबांकडे वळले.

“का काढलीत हो, बाबा?”