साहेबांची तहान

पाणी तपासणारे साहेब तीन वर्षं दर महिन्याला वस्तीत येत, पंपाच्या पाण्याची बाटली भरून नेत आणि पुढच्या खेपेला ‘पिण्यास अयोग्य’ असा कागद आणून देत. कागदाखेरीज दुसरं काही आणणं त्यांच्या खात्यात बसत नव्हतं.

पंपासमोरच्या मावशींना वाचता येत नव्हतं. कागद घेऊन त्या साहेबांपुढे पंपाच्याच पाण्याचा पेला धरत. “आत्ताच पिऊन आलो, मावशी. तुम्ही मात्र उकळून प्या बरं,” असं म्हणत साहेब आपली घरची बाटली पिशवीत खोल ढकलत.

आजही पेला पुढे आला.

“आत्ताच पिऊन...”

“तीन वर्षं तुम्ही आत्ताच पिऊन येताय,” मावशी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच साहेबांना जड गेलं.

ऊन डोक्यावर होतं, अजून चार पंप बाकी होते आणि नवी थाप काही सुचेना. एका पेल्यानं काय होतंय? आपल्या घराशेजारीच दवाखाना आहे, बाईचं मन तरी राहील. साहेबांनी डोळे मिटून पेला रिकामा केला, आज सांगायला तोंडच उरलं नाही म्हणून ‘उकळून प्या’ गिळलं आणि गाडीला किक मारली.

गाडी वळेपर्यंत मावशी बघत राहिल्या. मग घरात डोकावून म्हणाल्या, “सूनबाई, पातेलं उतरव चुलीवरून. बाळाला आता पंपाचं तसंच पाज. साहेब प्यायले.”