पल्याडची लेक

पासष्टच्या लढाईत मुळशीच्या धरणावर पहारा बसला आणि पहारेकऱ्याच्या गळ्यात दुर्बीण आली. रंभाबाईच्या लेकीचं माहेर सासरच्यांनी तोडलं होतं, म्हणून मायलेकी पाण्याच्या दोन्ही काठांवरून पितळी ताटं उन्हात चमकवून एकमेकींची खुशाली घेत. पहारेकऱ्यानं ते हेरलं. "म्हातारे, आभाळातल्या शत्रूच्या इमानाला खुणा करतीस? कोंबडी दे, न्हाईतर वर कळवतो." त्या मायलेकी आहेत, हे त्याला ठाऊक होतं. रंभाबाईनं कोंबडी दिली. "दादा, येकदा मला त्यातनं बगू द्या." त्यानं हसत दुर्बीण दिली. पल्याड लेक ताट धरून उभी होती. ती पोटुशी होती, दिवस भरत आले होते. आईला कुणी कळवलंही नव्हतं. "बास! आणखी बगायचं तर उद्या दुसरी कोंबडी." रंभाबाईनं दुर्बीण परत दिली. "कळवा, कुनाला कळवायचं त्याला," म्हणत तिनं काठाकाठानं लेकीच्या गावाची वाट धरली.